उघाडीवरचा तक्ता

आमच्या खात्याचं नाव सांगितलं की लोक धरणाबद्दल विचारायला लागतात. किती भरलं, दरवाजे उघडले का. धरणाशी माझा कधी संबंध आला नाही. माझी सगळी नोकरी पनवेलच्या खाडीकाठच्या चिखलात गेली. मातीचे बांध, त्या बांधांतल्या उघाड्या, आणि पावसाचं पाणी थोपवून धरायचा एक मोठा तलाव, एवढं माझं राज्य. पद शाखा अभियंत्याचं, आणि बांधावर चालताना हातात कायम चपला.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जावं म्हणून बांधाला दार. भरती आली की बंद करायचं, ओहोटी लागली की उघडायचं. काम एवढंच. ऐकायला इतकं सोपं वाटतं की पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, यासाठी इंजिनिअर कशाला हवा? ते नीट कळायला मला सात-आठ वर्षं लागली, आणि जे कळलं त्यातलं बरंचसं माझ्याच चुकीतून कळलं.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे पाण्याची वाट बघतात, पाण्याला वाट करून देत नाहीत. इथे बदली झाली तेव्हा गावात माझी ओळख 'घाटावरची मॅडम' अशी झाली. स्वभाव तापट, आवाज मोठा, त्यामुळे ओळख पसरायला वेळ लागला नाही.

ज्या उघाडीबद्दल सांगते आहे तिची अडचण वेगळी होती. रोडपालीच्या बाजूला पूर्वी सगळी खारी जमीन होती. तिथे इमारती आल्या, सेक्टर झाले. त्या सेक्टरांचं पावसाचं पाणी गटारांतून आमच्या तलावात येतं, तलावातून एका नाल्याने शेतांच्या कडेकडेने वाहत उघाडीपाशी पोचतं आणि खाडीत जातं. म्हणजे दार एक आणि मागणारे दोन. सेक्टरातल्यांना ते जितका वेळ उघडं राहील तितकं हवं, कारण बंद केलं की त्यांच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. शेतवाल्यांना ते वेळेवर बंद हवं, कारण खारं पाणी एकदा भातात शिरलं की पुढची तीन वर्षं तिथे काही उगवत नाही. दोघांचंही बरोबर होतं. फरक इतकाच की सेक्टरात हजारो माणसं होती आणि शेतवाला खरं म्हणजे एकच उरला होता.

तो एक म्हणजे उघाडीचा राखणदारच.

साठीच्या पुढचा माणूस, मी त्यांना काका म्हणायचे. जवळच्याच गावातला, आगरी. त्याच्या आधी त्याचा बाप उघाडीवर होता. तेव्हा लाकडी झडपा होत्या. भरतीचं पाणी बाहेरून रेटा द्यायचं आणि झडप आपोआप मिटायची, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जायचं. राखणदाराने फक्त झडपेत काही अडकत नाही ना हे बघायचं. मग सेक्टरांतून प्लास्टिक यायला लागलं. पिशव्या, थर्माकोल, एकदा एक आख्खी खुर्ची. झडपा मिटेनात. म्हणून खात्याने लोखंडी दार बसवलं, वर चाक. चाक फिरवलं की दार खाली-वर होतं. दार चांगलं होतं, पण ते स्वतःहून काही करत नव्हतं. त्याला माणूस लागत होता आणि माणसाला वेळ कळावी लागत होती.

वेळेचा काकांचा हिशोब तोंडी होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा झाला ढोबळ अंदाज. दार नेमकं कधी पाडायचं ते मात्र ते फेसावरून ठरवायचे. नाल्याचं पाणी उघाडीतून बाहेर पडतं तिथे पिवळट फेस जमतो आणि खाडीकडे सरकत असतो. खाडीचं पाणी चढत चढत आतल्या पाण्याच्या बरोबरीला आलं की फेस थबकतो, जागच्या जागी घुटमळतो, आणि मग आत वळतो. "फेस वलला," असं काका म्हणायचे आणि चाकाला हात घालायचे. हे मी पहिल्या वर्षी उभी राहून बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. चांगली पद्धत आहे, पण कागदावर कशी लिहिणार, असंही वाटलं.

त्यांचं शेत बांधाच्या लगेच आत. वीस गुंठे. भावांनी आपापले वाटे केव्हाच विकले होते, एकाचा तीन मजली बंगला होता, दुसऱ्याचे दोन डंपर. काकांचा मुलगा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला. घरात कुणालाच त्या वीस गुंठ्यांची गरज नव्हती. एकदा मी विचारलं, "मग कशाला करता?"

"दुकानातला भात मना गिलत नाय," ते म्हणाले. विषय संपला.

खाऱ्या जमिनीत भाताची रोपं लावत नाहीत. बी भिजवून त्याला मोड आणतात आणि चिखलात फेकतात. पण त्याआधी दोन-चार जोरदार पाऊस होऊन जमिनीतला खार धुऊन जावा लागतो. तो गेला की नाही ते काका चाखून ठरवायचे. शेतातलं पाणी ओंजळीत घ्यायचे, जिभेवर थोडं ठेवायचे, जरा थांबून थुंकायचे. माझ्या पिशवीत खात्याचा मीटर असायचा. पाण्यात बुडवला की खारटपणाचा आकडा दाखवणारा. मी तो बुडवून आकडा वाचायचे आणि ते माझ्याकडे, मी पाण्याचा ताप बघत असल्यासारखं बघायचे.

"चाखून बगा ना," एकदा म्हणाले.

"माझ्याकडे मीटर आहे."

"हाय ना. पन भात काय मीटरनं पानी पितो?"

मी चाखलं नाही. त्या पाण्यात म्हशी बसतात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मग त्या वर्षीचा जून आला. एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि रोडपालीच्या दोन-तीन रस्त्यांवर संध्याकाळपर्यंत पाणी उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी एका सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसात आले. सोबत फोटो, व्हिडिओ आणि अर्ज. अर्जात लिहिलं होतं की उघाडीवरच्या माणसाचं स्वतःचं शेत आत आहे, ते वाचवण्यासाठी तो दार लवकर बंद करतो आणि आम्हाला पाण्यात बसवतो. अर्ज मोठ्या साहेबांपर्यंत गेला. साहेबांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "दार कधी बंद करायचं हे कोण ठरवतं?"

मी म्हणाले, "राखणदार."

"कशावरून?"

फेसावरून, असं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "तक्ता करून लावते, सर."

माझा नवरा बंदरात नोकरीला. दर जानेवारीत तो भरती-ओहोटीच्या वेळांची छापील पुस्तिका घरी आणायचा, ती फ्रिजवर पडलेली असायची. मी ती घेतली. बंदरातली भरती आमच्या नाल्याच्या तोंडाशी पोचायला किती वेळ लागतो ते चार दिवस पट्टी लावून मोजलं, प्रत्येक वेळेत तेवढी भर घातली, आणि पावसाळ्याच्या रोजच्या तारखेला दार उघडायची आणि बंद करायची वेळ असा तक्ता केला. लॅमिनेट करून उघाडीवरच्या खोलीत खिळ्याने ठोकला. तो तक्ता मला फार आवडला होता. सुबक होता, रंगीत होता. ऑफिसातल्या दोघांनी त्याचा फोटो काढून घेतला.

काकांना मी लेखी ताकीद दिली. दार तक्त्यातील वेळेआधी बंद करू नये, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल. त्यांनी ती दोनदा वाचून घेतली. मग मला विचारलं, "सोसायटीवाला काय बोलला? मी माज्या भातासाठी बंद करतो?"

"तसं लिहिलंय त्यांनी."

"तुमाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "मला काय वाटतं त्याचा प्रश्न नाही, काका. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे कागद पाहिजे."

त्यांनी ताकीद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. आज आठवलं की वाटतं, मला काय वाटतं त्याचाच प्रश्न होता. त्यांनी फेस वळायच्या आधी कधी दार पाडलेलं मी बघितलं नव्हतं. हे मला माहीत होतं आणि मी ते म्हणाले नाही.

पुढे महिनाभर सगळं सुरळीत चाललं. काकांनी आषाढाच्या सुरुवातीला पाणी चाखलं, बी फेकलं, भात वितभर वर आलं.

आषाढातली अमावास्या झाली, तिच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला होता, कर्नाळ्याचा सुळका ढगात पार दिसेनासा झाला होता. दहा वाजता तहसील कचेरीत पूरनियंत्रणाची बैठक होती. मी जिन्यात होते, काखेत फाइल, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, फेस वलला."

मी घड्याळात बघितलं. दहाला वीस कमी होती. "तक्ता काय म्हणतो?"

"तक्त्यावर दहा वीस हाय. पन वारा हाय ना. पानी वाऱ्यानं आधीच चरलाय. बंद करू?"

वर बैठकीच्या खोलीच्या दारात ते सेक्रेटरीही उभे होते, त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी मला बघून मान हलवली. मी फोनवर म्हणाले, "तक्त्याप्रमाणे करा."

"चालीस मिन्टं उघडा ठेवू?"

"काका, तक्त्याप्रमाणे करा म्हणाले ना."

"बरा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तो 'बरा' अजून माझ्या कानात आहे. त्यात राग नव्हता. त्यांना राग आलेला मला चालला असता.

पुढचं मला दुपारी कळलं. चाळीस मिनिटं खाडी उघड्या दारातून आत येत राहिली. दहा वाजून वीस मिनिटांनी, अगदी तक्त्याच्या ठोक्याला, काकांनी चाक फिरवलं. दार निम्म्यावर आलं आणि अडकलं. आत येणाऱ्या पाण्याने कुणाची तरी फेकून दिलेली गादी ओढून दाराखाली आणली होती. कापसाची गादी, पाणी पिऊन दगड झालेली. फेस वळला तेव्हाच दार पाडलं असतं तर ती आलीच नसती.

खाडीकाठच्या गावांत बांध फुटला की घरटी एक माणूस जातो. कुणी बोलावणं करायचं नसतं, नुसती हाक मारायची. काकांनी हाक मारली. ज्यांच्याकडे आता शेत नाही असेच लोक धावत आले. भाऊ आले, डंपरवाले, एक बँकेतला, दोघं यार्डातून रात्रपाळी करून नुकतेच झोपलेले. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी गादी कोयत्याने तोडून काढली. दार बंद झालं तेव्हा भरती पूर्ण होऊन गेली होती. वीस गुंठ्यांवर खाडी पसरली होती, वर भाताचे शेंडेसुद्धा दिसत नव्हते.

मी पोचले तेव्हा सगळे बांधावर बसून चहा पीत होते. काकांनी मलाही कप दिला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि मीटर काढून पाण्यात बुडवला. काय आकडा येणार होता?

आठवड्याने मोठे साहेब चौकशीला आले. उघाडीवरच्या खोलीत आम्ही तिघंच होतो, ते, मी आणि काका. भिंतीवर तक्ता. साहेबांनी विचारलं, "दार बंद करायला उशीर का झाला?"

"गादी अडकली, सायेब," काका म्हणाले.

"पाणी वेळेआधी चढलंय हे लक्षात आलं नाही तुमच्या?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, माझी लेखी ताकीदही पुढे केली नाही. "गादी अडकली," ते पुन्हा म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हणाले, "नाही सर."

दोनच शब्द. तोंडातून निघताना काही वाटलंसुद्धा नाही. मी स्वतःला समजावलं की फोनचा कुठे पुरावा नाही, की माझी बढती तोंडावर आहे, की गादी अडकली हे काही खोटं नाही. अहवालात 'पाण्याची पातळी वेळीच लक्षात न घेतल्याने, राखणदाराचा निष्काळजीपणा' असं वाक्य आलं आणि त्याखाली माझी सही झाली. काकांना कामावरून कमी केलं. त्यांच्या जागी एजन्सीचे दोन गार्ड आले. ते तक्ता बघायचे आणि मोबाइल बघायचे.

पावसाळा संपला. दिवाळीनंतर बांधाची पाहणी करायला गेले तेव्हा शेत दिसलं. पाणी आटून गेलं होतं आणि जमिनीवर पांढरा पापुद्रा आला होता. पायाखाली तो कुरकुरत मोडत होता. मी जितकं चालले तितका आवाज येत राहिला.

त्याच पाहणीत काकांनी मला जेवायला बोलावलं. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. काकूंनी सुकटीची चटणी, वालाचं बिरडं आणि भात वाढला. काका माझ्या समोरच बसले होते. त्यांनी बिरडं खाल्लं, चटणी खाल्ली, भाकरी मागून घेतली. भात ताटाच्या कडेला सारून ठेवला. काकू मला म्हणाल्या, "दुकानातला हाय. एक घास खातात नि ठेवतात. सांगून सांगून दमले मी." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्या रोजचीच गोष्ट सांगत होत्या. मला त्या ताटासमोर लाज वाटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं आणि मी ठसका लागल्याचं सोंग केलं.

निघताना काका बांधापर्यंत सोबत आले. मी शेवटी विचारलं, "साहेबांना तुम्ही फोनचं का नाही सांगितलंत?"

ते चालत राहिले. मग म्हणाले, "तुमी सांगाल असा वाटला."

"आणि त्या दिवशी तुम्ही दार बंदच का नाही केलंत? तुमचंच शेत होतं. मी काय तिथे बघायला होते?"

"म्हनूनच ना," ते म्हणाले. "माजा शेत होता म्हनून. दुसऱ्याचा असता तर केला असता बंद, तुमाला न इचारता. कागदावर लिवलेला ना, हा माज्या भातासाठी करतो. मग कसा करू?"

मी घरी आले. दोन दिवस चिडचिड केली, नवऱ्यावर, पुस्तिकेवर, भाजीवाल्यावर. तिसऱ्या दिवशी ऑफिसात बसून स्वतःच्या हाताने टिपणी लिहिली. राखणदाराने अमुक दिवशी नऊ चाळीसला फोन करून पाणी उलटल्याचं कळवलं होतं. दार बंद करण्याची परवानगी मागितली होती. मी ती दिली नाही. चूक माझी आहे, त्याची नाही. पाच ओळी होत्या. लिहायला अख्खा दिवस गेला.

मोठ्या साहेबांनी ती वाचून चष्मा काढला. "आता कशाला? मिटलंय ना सगळं."

"माझं नाही मिटलेलं, सर."

त्यांना माझा राग आला, आणि तो रास्त होता, कारण अहवालावर त्यांचीही सही होती. माझ्याकडून खुलासा घेतला गेला, सेवापुस्तकात ताकीद आली, बढती दोन वर्षं लांबली. ऑफिसातल्या एकाने मला शहाणी म्हटलं, ते कुठल्या अर्थाने हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. पण अहवालातलं ते वाक्य निघालं. उन्हाळ्यात काकांना परत बोलावण्याचा आदेशही निघाला. दरम्यान दोन्ही गार्ड तसेही कंटाळले होते, चिलटांना.

आदेश घेऊन मीच गेले. काकांनी तो वाचून घेतला, आभार वगैरे मानले नाहीत. विचारलं, "चाकाला तेल घातला का कुनी?" कुणी घातलं नव्हतं. त्यांनी घरातून तेलाचा डबा आणला आणि कामाला लागले.

तक्ता काढायचा नाही, तो आता खात्याच्या नियमात आला आहे. पण त्याच्याखाली मी एक ओळ मंजूर करून घेतली. खाडीचे पाणी वेळेआधी उलटल्यास राखणदाराने स्वतःच्या अंदाजाने दार बंद करावे. तक्त्याला काही दिवस लागले होते, ही ओळ मंजूर करून घ्यायला महिने लागले. अंदाज म्हणजे कशावरून, असं वरून विचारलं गेलं. मी लिहिलं, फेसावरून. या वेळी लिहिलं. ओळ मंजूर झाली त्या पावसाळ्यापासून काका मला फोन करतात ते परवानगी मागायला नाही. "फेस वलला, बंद केला," एवढं सांगतात. मी "बरं" म्हणते.

शेत मात्र तसंच पडून होतं. परत आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात काकांनी बी फेकलंच नाही. त्यात गोडं पाणी साठवून ठेवलं, सोडून दिलं, पुन्हा साठवलं. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. भावांनी सांगितलं, आता भराव टाकून गाळे काढ. मुलगाही तेच म्हणाला. काका ऐकून घ्यायचे आणि पाणी बदलायला जायचे. माणूस थकत चालला होता. चाक फिरवताना मध्ये थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा. बी भिजवलेली टोपली उचलून फेकत फिरायला त्याला अजून किती पावसाळे जमतील, हे मी मनात मोजायचे आणि मोजणं सोडून द्यायचे.

तिसऱ्या आषाढात चांगले चार पाऊस झाल्यावर त्यांचा फोन आला. "शेतावर या जरा."

मी गेले. काका बांधावर उकिडवे बसले होते, बाजूला गोणपाटात झाकलेली टोपली. त्यात मोड आलेलं बी होतं, ते मला न सांगता कळलं. मोड फुटले की बी थांबत नाही, एक-दोन दिवसांत फेकावंच लागतं. शेतात घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात ढग दिसत होते. मी पिशवीतून मीटर काढायला लागले तर ते म्हणाले, "ऱ्हावदे ते. चाखा."

मी चपला काढल्या, खाली उतरले, ओंजळ भरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिभेवर घेतलं आणि थांबले. गढूळ होतं, मातीची चव होती, शेवाळाचीही होती. पहिल्यांदा वाटलं, गोड आहे. मला ते गोड असायला हवं होतं, मनापासून हवं होतं. ते टोपलीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. तीन वर्षं त्यांनी दुकानातला भात ताटाच्या कडेला सारला होता, तो माझ्यामुळे, आणि मी 'गोड आहे' म्हणाले असते तर ते लगेच उठून बी फेकायला लागले असते.

मग जिभेच्या कडेला, मागच्या बाजूला, ते लागलं. अगदी पुसट.

मी थुंकले. "नाही काका," मी म्हणाले. "आहे अजून. थोडं आहे, पण आहे."

त्यांनी मग टोपलीवरचं गोणपाट नीट केलं. "मना ठावं हाय," म्हणाले. "सकालीच चाखला मी."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"तुमी काय बोलता ते बगायचं होतं, बाय."

इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडम सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. मी चिखलात तशीच उभी राहिले. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, टोपली काखेला मारली आणि म्हणाले की हे बी आता कोंबड्यांना घालतो, पुढच्या आषाढात नवीन भिजवू, तवा पुन्ना चाखायला या.